दांडा फिरवण्याआधी

बाइंडरच्या दुकानात दिवसातून तीस-चाळीस वेळा एकच आरोळी ऐकू यायची: "डोकं!" दुकानाच्या मधोमध पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा होता. त्याच्या माथ्यावर आडवा दांडा आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना दोन मुठींएवढे ओतीव गोळे. दांड्याला एक हिसका दिला की गोळ्यांच्या वजनाने तो आपसूक दोन-तीन गरके मारायचा आणि खालची पुस्तकं करकचून दाबली जायची. मधे कोण आलं ते लोखंडाला कळत नाही. म्हणून या धंद्यात जुना नियम आहे: आधी आरोळी द्यायची, मग इकडेतिकडे बघायचं, मगच हिसका देऊन हात सोडायचा. नियम सगळ्यांना पाठ असतो. पहिली दोन वर्षं तो पाळतात, मग हात सरावतो, आरोळी गळून पडते आणि नुसता हिसका उरतो.

हा बाइंडर मात्र पन्नाशी उलटली तरी आरोळी द्यायचा. दुकानात चिटपाखरू नसलं तरी द्यायचा. शेजारचा छापखानेवाला चेष्टा करायचा, "अहो, कोणाला सांगताय? झुरळांना?" बाइंडर हसल्यासारखं करायचा आणि पुढच्या वेळी आणखी मोठ्याने ओरडायचा. लोक म्हणायचे, किती काळजीचा माणूस! लोकांचं काय जातंय म्हणायला.

त्याची एकुलती एक मुलगी भिंगरी. हे काही तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरेना, म्हणून आईने लाडाने ठेवलेलं. आता ती बावीस वर्षांची होती आणि सकाळचे दोन तास सोडले तर तिला खुर्चीतून उठवणं म्हणजे भिजलेल्या कागदाचा गठ्ठा उचलणं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. सकाळी ती बरी असायची. बोलायची, हसायची, कामाला हात घालायची. मग डोकं ठणकायला लागायचं. कुठे भांडं आपटलं तरी ती अंगावर धावून यायची. दोन कामं एकदम सांगितली तर एक करायची आणि दुसरं सांगितलं होतं हेच तिच्या गावी नसायचं.

दुसरीपर्यंत ती बाईंची लाडकी होती, पुढे घसरत गेली. दहावी कशीबशी पार पडली, त्यानंतर दोनदा आपटी खाल्ली. नोकऱ्या तीन झाल्या. कपड्यांच्या दुकानातून गिऱ्हाइकावर खेकसली म्हणून गेली. औषधाच्या दुकानात दोन पुड्यांची अदलाबदल केली; नशीब, वेळेत लक्षात आलं. तिसऱ्या ठिकाणी फोन घ्यायचं काम होतं, तिथे ती भर दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपलेली सापडली. दर वेळी घरी येऊन सांगायची, "आता नीट वागेन, शप्पथ." आणि आठवडाभरात ये रे माझ्या मागल्या.

आई बालवाडीत शिकवायची. दिवसभर जगाच्या पोरांना सोन्या, राजा, बाळा करून घरी यायची तेव्हा तिच्याकडची गोडी संपलेली असायची. "पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणायची. "अगं, तीन वर्षांच्या पोराला एकदा सांगितलं की कळतं. तू काय मुद्दाम करतेस का?" भिंगरी आधी भांडायची, मग रडायची, मग झोपायची. आई मग तिच्या दाराशी जाऊन उभी राहायची, आत जाऊ की नको असं करत. पण जायची नाही. मायेने पोरगी बिघडते, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं आणि तिने ते मनावर घेतलं होतं.

बाप कधी ओरडला नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. तीन नोकऱ्या गेल्यावर त्याने तिला दुकानात घेतलं, जमेल तेवढं कर म्हणाला. काही चुकलं तर म्हणायचा, "असू दे बाळ, होतं असं." आई चिडून म्हणायची, "तुमच्या लाडांनीच ती डोक्यावर बसलीय." तो मान खाली घालून खळ ढवळत राहायचा.

डॉक्टरकडे जायचं भिंगरीनेच काढलं. "मला कोणालातरी दाखवा," ती एका सकाळी म्हणाली. "मी ठरवते एक आणि होतं दुसरंच. असं सगळ्यांचं होतं का?" आईला ही नवी पळवाट वाटली, पण ती आली. बाइंडरही आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाई करत नव्हत्या. त्यांनी झोपेचं विचारलं, डोकेदुखीचं विचारलं, शाळा कधीपासून जड जायला लागली ते विचारलं. मग पेन हातात घेऊन म्हणाल्या, "लहानपणी कधी डोक्याला मार लागला होता? पडली होती, बेशुद्ध झाली होती, उलट्या झाल्या होत्या?"

"छे हो," आई म्हणाली. "डोळ्यांत तेल घालून वाढवलीय."

डॉक्टरीणबाईंनी बाइंडरकडे पाहिलं. "बाबा, तुम्हाला काही आठवतं?"

टेबलावर एक जाडजूड फाइल होती, तिचा कणा उसवला होता. बाइंडर त्या उसवलेल्या कण्याकडे बघत होता. भिंगरी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की काहीतरी लागलेलं निघावं म्हणून ती जणू देवाला विनवत होती.

"नाही," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी तो शब्द लिहून घेतला.

घरी येताना आई पुढे चालत होती. भिंगरीने बापाच्या हातात हात अडकवला. "म्हणजे काहीच झालेलं नाही बाबा," ती म्हणाली. "म्हणजे मी मुळातच अशी. आई म्हणते तेच खरं." थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "बरं झालं, तुम्ही तरी आहात." बाइंडरला त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

झालं होतं ते असं. पंधरा वर्षांपूर्वी भिंगरीची आई दहा दिवसांसाठी बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. शनिवारची अर्धी शाळा सुटली की सात वर्षांची भिंगरी दुकानात यायची. तिचं एक लाडकं काम होतं. पुस्तकाचे छापून घडी घातलेले फर्मे टेबलावर ओळीने मांडायचे, चालत चालत प्रत्येक गठ्ठ्यातला एक एक उचलायचा आणि टेबलाच्या शेवटी पुस्तक पुरं करायचं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखान्याने एक काळी खूण टाकलेली असते, प्रत्येकावर थोडी खाली. फर्मे बरोबर लागले की पुस्तकाच्या पाठीवर त्या खुणांची तिरकी शिडी दिसते. एखादा चुकला की शिडी मोडते. भिंगरी पंचवीस पुस्तकांच्या चळतीसमोर उभी राहायची आणि पापणी लवायच्या आत बोट ठेवायची, "बाबा, ह्याची शिडी मोडली!" एकदाही चुकली नाही. छापखानेवाला म्हणायचा, ही पोरगी पुढे तुमचं दुकान विकत घेणार.

त्या शनिवारी परीक्षेच्या उत्तरपत्रिका द्यायच्या होत्या. माल उशिरा झाला होता, शाळेचा शिपाई दारात उभा राहून दोनदा बोल लावून गेला होता. बाइंडरचं टाळकं सरकलं होतं. भिंगरी शिकंज्याच्या पलीकडे खाली बसून कागदाची कातरणं गोळा करत होती आणि त्याला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं, फक्त ध्यानात नव्हतं. आरोळीला लागतो तो अर्धा श्वास त्याने त्या दिवशी वाचवला. दांड्याला हिसका दिला आणि भिंगरी कातरणांची मूठ दाखवायला उठली.

आवाज फार मोठा झाला नाही. रक्तही आलं नाही. ती खाली पडली, डोळे अर्धे उघडे, आणि हाका मारल्या तरी ओ देईना. तो किती वेळ होता ते त्याला आजही सांगता येत नाही. मग ती हलली. दोनदा ओकली. घरी नेऊन निजवली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपून राहिली. तो उशाशी बसून कानामागच्या टेंगळावर थंड पाण्याच्या घड्या ठेवत होता. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून होता. पण डॉक्टरने विचारलं असतं, कशाने लागलं? त्याने तिला डॉक्टरकडे नेलं नाही. माणूस दुष्ट नव्हता, भित्रा होता. पोरीला मात्र त्यामुळे काही कमी लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती उठून जेवली, चित्रं काढायला कागद मागितले. तिला त्या शनिवारचं काही आठवत नव्हतं. दहाव्या दिवशी आई आली तेव्हा टेंगूळ केसांत विरून गेलं होतं. "कशी आहे माझी भिंगरी?" आईने दारातूनच विचारलं. "मजेत," तो म्हणाला. उद्या सांगू म्हणाला, मग परवा. मग वर्षभराने शाळेतून पहिली तक्रार आली, आणि त्यानंतर तो उद्या सांगू असंही म्हणेना.

डॉक्टरकडून आल्यावर पंधरा दिवसांनी एक शालेय पुस्तक बांधायला आलं, चारशे प्रती. भिंगरीने सकाळी दोन तास फर्मे लावले आणि थांबायला हवं होतं. पण तिनेच हट्ट धरला, "आज मी पूर्ण करते. बघाच तुम्ही." दुपारपर्यंत ती चालत राहिली, उचलत राहिली. बाइंडरने पाठीवरची शिडी तपासायला हवी होती. तिला वाटेल, आपल्यावर विश्वास नाही, म्हणून त्याने तपासली नाही. पाठींना सरस लागला, शिकंज्यातून पुस्तकं निघाली. दुसऱ्या सकाळी छापखानेवाल्याने एक उघडलं तेव्हा कळलं: पाचवा फर्मा दोनदा आणि सहावा गायब. एका पुस्तकात नव्हे, अडीचशे पुस्तकांत.

छापखानेवाला ते पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेला. दुकानात दोघंच राहिली. भिंगरी पुस्तकामागून पुस्तक उलटून पाठी बघत होती. शिडी मोडलेली तिला आत्ताही दिसत नव्हती, बोटाने खुणा मोजाव्या लागत होत्या.

"असू दे बाळ," बाप म्हणाला. "होतं असं."

"नाही होत असं!" ती किंचाळली. "कोणाचं होत नाही! ओरडा ना बाबा! एकदा तरी ओरडा! आईसारखं ओरडा, म्हणजे मला कळेल की मला सुधारता येईल असं तुम्हाला वाटतं!" आणि मग तिने मूठ वळली आणि स्वतःच्या डोक्यावर मारायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. "हेच नासकं आहे. हेच. हेच."

बाइंडरने तिचे दोन्ही हात धरले. आणि पंधरा वर्षं जे गिळलं होतं ते सगळं बाहेर पडलं, उलटसुलट, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. शनिवार. उत्तरपत्रिका. आरोळी. गोळा. टेंगूळ. डॉक्टरीणबाईंना दिलेलं "नाही". तो रडत होता आणि सांगत होता. ती ऐकत होती. तिने हात सोडवून घेतले आणि ती शिकंज्यापाशी गेली. दांड्याच्या एका गोळ्यावर तिने तळवा ठेवला.

"ह्याने?"

"ह्यानेच."

"म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते," ती म्हणाली.

"नाही गं. कधीच नाही."

तिने गोळ्यावरचा तळवा काढून घेतला. मग तिने विचारलं, "आधी मी कशी होते?"

त्याने तिला शिडीचं सांगितलं. पंचवीस पुस्तकांच्या चळतीतून पापणी लवायच्या आत बोट ठेवायचीस, म्हणाला. ती दुसऱ्याच्या मुलीचं कौतुक ऐकावं तसं ऐकत होती. "मला ती आठवत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला येते तिची आठवण?"

खोटं बोलायची ताकद संपली होती. "रोज," तो म्हणाला.

भिंगरीने मान हलवली. "आणि म्हणून तुम्ही मला कधी ओरडला नाहीत." हा प्रश्न नव्हता. "मला वाटायचं, सगळ्या जगात एका माणसाला मी अशीच्या अशी आवडते. सगळे बोलायचे तेव्हा मी तेवढंच धरून असायचे, बाबा."

तो पुढे झाला तशी ती मागे सरली. रागाने नाही. थकली होती, तिची सकाळ संपली होती.

संध्याकाळी आई जमिनीवर बसून बालवाडीसाठी रंगीत कागदाची फुलं कापत होती. भिंगरी म्हणाली, "आई, बाबांना तुला काही सांगायचंय. बाबा, तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर मधलं काहीतरी विसरेन."

त्याने सांगितलं, या वेळी क्रमाने. आईची कात्री थांबली. तिने ओरडावं, काही फेकून मारावं, असं त्याला वाटत होतं. ती कागदाच्या अर्ध्या फुलाकडे बघत राहिली.

"सातवीत हिने पेपर कोरा दिला होता," ती म्हणाली. "मी हिला दोन तास दाराबाहेर उभं केलं होतं. हातावर पट्टी मारली होती. तुम्ही घरात होतात."

"होतो."

"तुम्ही हिला पाणी नेऊन दिलंत. मला वाटलं, बाप किती मायाळू आणि मी कशी कैदाशीण." तिने कात्री खाली ठेवली. "अहो, मी माझ्या लेकराला दुखण्याबद्दल मारलं. पंधरा वर्षं. मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला मारू दिलंत."

आईने भिंगरीला जवळ ओढलं, बावीस वर्षांच्या पोरीला लहान मुलासारखं मांडीवर घेतलं आणि कानामागे केसांत बोटांनी काहीतरी शोधत राहिली. तिथे आता काही नव्हतं. त्या दिवसापासून ती लेकीच्या खोलीत झोपायला लागली. बाइंडरशी ती बोलायची, पण किल्ली कुठे ठेवली आणि पाणी आलं का, एवढंच.

डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेले तेव्हा बाइंडर स्वतःहून बोलला. त्यांनी आधीचा शब्द खोडला. रागावल्या नाहीत, तेच त्याला जड गेलं. मेंदूला लहानपणी लागलेला मार कधीकधी लगेच दिसत नाही, त्या म्हणाल्या. मूल वाढतं, डोक्यावर कामं वाढतात, तसं उणं पडलेलं उघडं होतं. सगळं त्यामुळेच झालं असं त्या छातीठोकपणे सांगणार नव्हत्या, पण आता कुठून सुरुवात करायची ते कळलं होतं. एका वेळी एकच काम. दर अर्ध्या तासाने विसावा. सगळं लिहून ठेवायचं. दमणं म्हणजे आळस नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाने शिकायचं. आई हे सगळं वहीत उतरवत होती.

"तेव्हाच आणलं असतं तर?" बाइंडरने विचारलं.

"मदत लवकर सुरू झाली असती," त्या म्हणाल्या. "किती फरक पडला असता, ते आता कोणीच सांगू शकणार नाही."

भिंगरी दुकानात येते अजून. सकाळी दोनच तास, मधे विसावा घेऊन. भिंतीवर तिच्याच अक्षरात यादी लावली आहे: फर्मे मोजणे, पाठीवरच्या खुणा बोटाने तपासणे, बाबांना दाखवणे. ती पूर्वीसारखी बापाच्या हातात हात अडकवत नाही. चुकलं तर तो आता म्हणतो, "हे चुकलंय, पुन्हा कर," आणि ती पुन्हा करते. शिकंज्याला हात लावायचा तिनेच हट्ट धरला. त्याने नको म्हणून पाहिलं, मग शिकवलं. यादीत आरोळीची ओळ मात्र नाही. "मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ते लिहायला लागत नाही," असं बाइंडरने एकदा छापखानेवाल्याला सांगितलं.

परवाची गोष्ट. पुस्तकं शिकंज्यात लावून झाली होती. दोऱ्याचं रीळ खाली पडून गडगडलं, म्हणून बाइंडर पलीकडे वाकला, बरोबर तिथेच, जिथे पंधरा वर्षांपूर्वी कातरणं पडली होती. त्याचं डोकं दांड्याच्या गोळ्याच्या वाटेत होतं.

"डोकं!" भिंगरी म्हणाली.

त्याने बाजूला व्हायला हवं होतं. पण रीळ हातात घेऊन तो तसाच वाकलेला राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आता तिने हात सोडला तर फिटेल सगळं, असं काहीसं मनात आलं असेल.

"बाबा, डोकं."

त्याने वर पाहिलं. तिने दांडा दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला होता. दोन तास होत आले होते. कपाळावरची शीर उडत होती, म्हणजे ठणका सुरू झाला होता.

"मी धरून ठेवलाय," ती म्हणाली. "तुम्ही निघा, मगच सोडीन."

तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. भिंगरीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खाली वाकून टेबलाखालीही पाहिलं. मग तिने हात सोडला.